पेन्शनचा पैसा कुठल्या खात्यात आहे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं नगरपरिषदा आणि महापालिकांतून निवृत्त झालेल्यांची आहेत. मी स्वतः नगरपरिषदेच्या लेखा विभागात ३३ वर्षं काढली, शेवटची ९ लेखापाल म्हणून. पेन्शनची बिलं मी माझ्या हाताने काढली आहेत आणि पैसे नाहीत म्हणून ती ड्रॉवरमध्येही ठेवली आहेत. त्यामुळे या वेळी सगळी जागा याच पत्रांना देते. नावं छापत नाही. ज्या खिडकीतून दर महिन्याला पेन्शन घ्यायची, तिच्याबद्दल नावानिशी तक्रार छापून आली की पुढचा महिना कसा जातो, हे मी पाहिलं आहे.

प्रश्न : ताई, मी नगरपरिषदेत सफाई मुकादम होतो. नोकरी ३५ वर्षं. दोन वर्षांपूर्वी साठ पूर्ण होऊन निवृत्त झालो. पेन्शन सुरू आहे, पण कधी वीस तारखेला, कधी दोन महिन्यांची एकदम. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे अजून मिळालेले नाहीत. विचारलं की म्हणतात, निधी आला की देऊ, तुमच्यापुढे चाळीस जण आहेत. बायको म्हणते, एक दिवस पेन्शनच बंद होईल. होऊ शकते का?
(निवृत्त मुकादम, जिल्हा सातारा)

मुकादम, वहिनींना सांगा, पेन्शन कुणाच्या मनात आलं म्हणून बंद करता येत नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा या निवृत्ताच्या खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचं पाच जणांचं घटनापीठ होतं, निकालपत्र न्यायमूर्ती देसाईंनी लिहिलं. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, केलेल्या नोकरीचं ते देणं आहे, हे त्या दिवशी पक्कं झालं. १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो त्यामुळेच. पुढे २०१३ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही घटनेच्या ३००-अ कलमाखाली मालमत्ता आहे आणि कायद्याचा आधार नसताना ती रोखता येत नाही.

तरी वहिनींची भीती मी उडवून लावणार नाही. हक्क पक्का आहे आणि खातं रिकामं आहे, असं होऊ शकतं. आपल्या गावोगावच्या नगरपरिषदांत तेच झालं आहे.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याची पेन्शन कोषागारातून निघते, तिच्यामागे सगळ्या राज्याचा महसूल उभा असतो. तुमची पेन्शन निघते नगरपरिषदेच्या तिजोरीतून. १९९९ पर्यंत नगरपरिषदांना जकात होती. नाक्यावरचा रोकड पैसा रोज संध्याकाळी भरणा व्हायचा, त्यातून पगार-पेन्शन भागायची. जकात गेली आणि तिच्या बदल्यात सरकारचं सहाय्यक अनुदान येऊ लागलं. महापालिकांचं त्यातल्या त्यात बरं आहे. तिथे जकातीनंतर एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर सरकारने भरपाईचा कायदा केला आणि त्या भरपाईत दरवर्षी ८ टक्के वाढ कायद्यातच लिहिली. लहान नगरपरिषदेला अनुदान पगारालाच पुरत नाही. मग उरते घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळेभाडं. घरपट्टी येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, जप्तीच्या नोटिसा निघाल्यावर. पेन्शन मात्र बारा महिने लागते. तुमची पेन्शन वीस तारखेला का जमा होते आणि अनुदान लांबलं की दोन महिन्यांची एकदम का येते, त्याचं कारण हे आहे.

खरं तर असं व्हायला नको होतं. तुम्ही ३५ वर्षं पहाटे पाचला हजेरी घेतलीत, त्या प्रत्येक महिन्याच्या पगाराबरोबर तुमच्या पेन्शनचा हिस्साही नगरपरिषदेने बाजूला काढून निवृत्तिवेतन निधीत टाकायला हवा होता. २००४ ची राष्ट्रीय महापालिका लेखा नियमावली हेच सांगते, की देणं ज्या वर्षी अंगावर चढलं त्या वर्षी ते मोजायचं. आजच्या माणसाची पेन्शन आजच्या घरपट्टीतून भागवायची, ही रीत आपण पाडून घेतली आहे. माणसं निवृत्त होत जातात, गावाची वसुली आहे तिथेच राहते.

यात माझाही एक कागद आहे. मार्च महिना होता. पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकलेलं, वीज तोडण्याची नोटीस आलेली. निवृत्तिवेतन निधीच्या नावावर बँकेत दोन मुदत ठेवी होत्या. वरून सांगण्यात आलं, तात्पुरती उचल म्हणून एक मोडा, वसुली झाली की परत ठेवू. मी टिपणीत लिहिलं की हा निधी दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. फाईल परत आली तेव्हा समासात हिरव्या शाईत एकच शब्द होता : ‘चर्चेप्रमाणे’. कार्यालयात काम केलेल्या प्रत्येकाला त्या शब्दाचा अर्थ कळतो : तोंडी सांगितलं तसं करा. ठेव मोडायच्या अर्जावर दोन सह्या लागत, त्यातली एक माझी आहे. गावाचं पाणी चालू राहिलं, ते राहायलाच हवं होतं. पण ती ठेव मी निवृत्त होईपर्यंत परत झाली नाही. त्यानंतरच्या वर्षांत लेखा विभागाबाहेरच्या बाकावर म्हातारी माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक घेऊन बसलेली दिसली की मला ती सही आठवायची. आजही आठवते.

म्हणून तुम्हाला सांगते, ‘माझे पैसे कधी’ एवढंच विचारू नका, त्याला ‘निधी आला की’ हे उत्तर तयार असतं. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्या आणि हे विचारा : निवृत्तिवेतन निधीचं स्वतंत्र बँक खातं आहे का, गेल्या पाच वर्षांत त्यात दरवर्षी किती रक्कम वर्ग झाली, त्यातून निवृत्तिवेतनाखेरीज दुसऱ्या कामाला किती उचल झाली आणि ती परत कधी आली, आजअखेर किती जणांचं उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण देणं आहे, आणि ती यादी कोणत्या तारखेच्या क्रमाने लावली आहे. ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. शेवटचा प्रश्न अजिबात सोडू नका. चाळीस जणांची रांग सरळ आहे की मध्येच कुणी पुढे सरकतं, ते त्या एका उत्तरात दिसतं.

शिवाय एक वेगळा अर्ज व्याजाचा द्या. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधले नियम १२९-अ आणि १२९-ब उशिरा मिळालेल्या उपदानावरच्या आणि पेन्शनवरच्या व्याजाचे आहेत. अर्जात नियमाचा क्रमांक लिहा. नुसतं ‘व्याज मिळावे ही विनंती’ असं लिहिलेला कागद फाईलला लागतो आणि तिथेच राहतो.

हे एकट्याने करू नका. चाळीस जणांचे चाळीस अर्ज एकाच दिवशी आवक-जावकला द्या. अर्थसंकल्पाची सभा फेब्रुवारीत होते, त्याआधी नगराध्यक्षांना आणि मुख्याधिकाऱ्यांना सगळे मिळून भेटा आणि एकच मागा : वसुलीतला ठरावीक टक्का दर महिन्याला निवृत्तिवेतन खात्यात वर्ग करण्याचा ठराव. ठराव इतिवृत्तात आला की पुढचा अधिकारी बदलून आला तरी तो दाखवता येतो.

प्रश्न : मी वाहनचालक म्हणून ३० वर्षं नोकरी करून मे २०१९ मध्ये निवृत्त झालो. ग्रॅच्युइटी मिळाली. आता आमच्यातले काही जण म्हणतात, दुसऱ्या कायद्याने जास्त मिळते, कोर्टात जाऊ या. हे खरं का?
(निवृत्त चालक, जिल्हा बुलढाणा)

बहुतेक खरं आहे. पेन्शन नियमांत प्रत्येक पूर्ण सहामाहीला पाव पगार असा हिशेब आहे आणि कमाल मर्यादा साडेसोळा पगारांची. तुमच्या ३० वर्षांच्या ६० सहामाह्या, म्हणजे १५ पगार. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या उपदान कायद्यात दर वर्षाला १५ भागिले २६ पगार, म्हणजे महिन्याचे २६ दिवस धरून त्यातल्या १५ दिवसांचा पगार मिळतो. ३० वर्षांचे ते १७ पगारांहून थोडे जास्त होतात. शिवाय त्या कायद्यात ‘वेतन’ म्हणताना महागाई भत्ताही धरतात. तुम्हाला दिलेला हिशेबाचा कागद काढा आणि त्यात नुसतं मूळ वेतन धरलंय का ते पाहा. तसं असेल तर फरक दोन पगारांहून बराच मोठा निघेल. कमाल मर्यादा मार्च २०१८ पासून २० लाख होती, तुम्ही तिच्या आतच असाल.

पालिकेचे कर्मचारी या कायद्यात येतात की नाही, हा वाद दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच मिटवला. पेन्शन मिळते म्हणून उपदान कायद्याचा हक्क जात नाही, असा तो निकाल आहे. आधी नगरपरिषदेकडे लेखी मागणी करा, नाकारली किंवा उत्तरच आलं नाही की उपदान कायद्याखालच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. मुदत उलटून गेली आहे, त्यामुळे उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागेल, त्यात कारण खरं लिहा. वकील एकच करा आणि सगळ्यांनी मिळून करा. फी ‘मिळालेल्या रकमेचे इतके टक्के’ अशी ठरवत असतील तर सही करण्याआधी घरातल्या शिकलेल्या माणसाला कागद वाचून घ्यायला सांगा.

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत मिशिगन राज्यात सहा महिने राहून आलो. तिच्या शेजारचे गृहस्थ डेट्रॉईट शहराच्या बससेवेत चालक होते. ते म्हणाले, शहराने दिवाळं काढलं आणि आमची पेन्शन कापली, आरोग्य विमा तर गेलाच. मी स्वतः निवृत्त शिक्षक आहे, मला हे पटेना. अमेरिकेत असं कसं होऊ शकतं? आणि आपल्याकडे होईल का?
(निवृत्त शिक्षक, पुणे)

सर, त्यांनी सांगितलं ते खरं आहे. त्या प्रकरणाची कागदपत्रं मी मुलाच्या मदतीने कॉम्प्युटरवर रात्री जागून वाचली आहेत, कारण माझ्या गावची गोष्ट वाचावी तशी ती वाटली.

डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं शहर. १९५० मध्ये तिथली वस्ती साडेअठरा लाखांच्या आसपास होती, २०१३ मध्ये सात लाखांच्या आसपास उरली. कारखाने गेले, माणसं उपनगरांत गेली, कर देणारे घटले. पण भरल्या शहराने जे कर्मचारी नेमले होते त्यांची पेन्शन राहिली. वीस हजारांहून जास्त निवृत्त होते आणि नोकरीत असलेले त्यांच्या निम्मे. आपल्या नगरपरिषदेत पेन्शनरांची यादी आणि हजेरीपट शेजारी ठेवले की हेच चित्र हळूहळू दिसायला लागतं.

त्यात चुकाही झाल्या. निधीला चांगला परतावा मिळाला त्या वर्षी ‘तेरावा चेक’ म्हणून जादा वाटप करायचं आणि वाईट वर्षासाठी काही राखायचं नाही, असं बरीच वर्षं चाललं. २००५-०६ मध्ये निधीतली तूट भरायला शहराने १४४ कोटी डॉलर कर्ज काढलं, वर व्याजदराचे गुंतागुंतीचे करार केले. दोन-तीन वर्षांत बाजार कोसळला. पेन्शनचं देणं राहिलंच आणि डोक्यावर कर्जही बसलं.

१८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे १८ अब्ज डॉलरचं देणं होतं. निवृत्तांना वाटलं, आपल्याला काय धोका? मिशिगन राज्याच्या घटनेत स्पष्ट लिहिलं आहे की सरकारी पेन्शन हा करार आहे आणि तो मोडता किंवा कमी करता येणार नाही. पण डिसेंबर २०१३ मध्ये न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी निकाल दिला की केंद्राच्या दिवाळखोरी कायद्यापुढे तो करार इतर करारांसारखाच, तोही कमी होऊ शकतो. हा निकाल मी तीनदा वाचला. घटनेत लिहिलेला शब्दसुद्धा, मागे पैसा नसला तर, माणसाला पुरत नाही.

तेव्हा शहराच्या मालकीचं एक मोठं कलासंग्रहालय होतं. शहराला कर्ज दिलेल्यांचा डोळा तिथल्या चित्रांवर होता, त्यात व्हॅन गॉग या चित्रकाराने काढलेलं त्याचं स्वतःचं चित्रही होतं. चित्रं विकायची की म्हाताऱ्यांची पेन्शन कापायची, अशी वेळ आली. तेव्हा काही धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून ८१ कोटी ६० लाख डॉलर उभे करायचं ठरवलं. हा पैसा पेन्शन निधीतच जाईल आणि चित्रं विकली जाणार नाहीत, अशी अट घातली. निवृत्तांनी टपालाने मतदान केलं आणि ती योजना मान्य केली. पोलीस आणि अग्निशमन सोडून इतर विभागांच्या निवृत्तांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेली आणि दरवर्षीची महागाईवाढ कायमची बंद झाली. पोलीस आणि अग्निशमनवाल्यांची मूळ पेन्शन वाचली, त्यांची महागाईवाढ निम्म्याहूनही खाली आली. तुमच्या मुलीच्या शेजाऱ्यांना साडेचार टक्क्यांपेक्षा ही बंद झालेली वाढ जास्त टोचत असेल. महागाई भत्ता गोठला की दहा वर्षांनी तीच पेन्शन किती उरते, हे शिक्षकाला मी सांगायला नको.

आरोग्याचं तर फार वाईट झालं. निवृत्तांच्या आरोग्यसेवेचं सुमारे ४३० कोटी डॉलरचं देणं होतं, त्यातलं जेमतेम दहा टक्के मिळालं. पेन्शनला निदान घटनेचा शब्द होता, निधी होता, त्यासाठी दात्यांनी हात पुढे केला. आरोग्याला वेगळा निधी नव्हता, शहर दर वर्षी बिल येईल तसं भरत होतं. जिथे पैसा बाजूला ठेवलेला नव्हता, तिथे सगळ्यात जास्त कापलं.

पुढे शहर सावरलं. दिवाळखोरीच्या योजनेत पेन्शन निधीत भरणा करण्यापासून शहराला २०२३ पर्यंत बरीचशी सूट होती. ती संपेल तेव्हा एकदम बोजा पडेल, म्हणून शहराने आधीपासूनच निवृत्तांच्या संरक्षणासाठी वेगळा निधी काढून त्यात दर वर्षी पैसे टाकायला सुरुवात केली. हे त्यांनी आगीतून निघाल्यावर केलं. आपल्या नगरपरिषदांना अजून आगीच्या आधी करता येईल.

आपल्याकडे दिवाळखोरीचा अर्ज करून पालिकेने पेन्शन कापायची, असा कायदा नाही. वर राज्य सरकार उभं असतं. म्हणून डेट्रॉईटसारखा घाव एका दिवसात बसणार नाही. आपल्याकडे ते हप्त्याहप्त्याने होतं : पेन्शन वीस तारखेला, वेतन आयोगाचा फरक पाच हप्त्यांत, ग्रॅच्युइटी ‘नंबर लागला की’. माणूस वारल्यावर वारसाला मिळालेली ग्रॅच्युइटी हीसुद्धा कापलेलीच म्हणायची.

प्रश्न : मी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते. २८ वर्षं रात्रपाळ्या केल्या. नोकरीत असताना औषधोपचाराची बिलं मिळायची, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून काही नाही. गेल्या वर्षी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली, पेन्शन विक्रीचे (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला त्याचे) ठेवलेले पैसे त्यात गेले. माझं वय ६६, त्यांचं ७१. आम्हाला काहीच नाही का?
(निवृत्त परिचारिका)

सिस्टर, तुमचं पत्र वाचून मला राग आला, तुमच्यासाठी आला. दुसऱ्यांची आजारपणं काढण्यात जिचा जन्म गेला तिला स्वतःच्या घरच्या आजारपणात पेन्शन विकलेले पैसे मोडावे लागतात, हे चूक आहे.

आधी आज काय करता येईल ते. यजमान ७१ चे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वयवंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. आधार कार्ड घेऊन नोंदणीकृत रुग्णालयात किंवा सेवा केंद्रात जा, या आठवड्यात जा. पुन्हा दाखल व्हायची वेळ येईल तेव्हा कार्ड हातात पाहिजे, कारण तेव्हा धावपळीत कुणी काढत नाही. तुमच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, पांढरं रेशन कार्ड असलं तरी, आणि मर्यादा ५ लाखांची झाली आहे. यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारांसाठीच ती चालते. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, नंतर बिल दाखवून पैसे परत मिळत नाहीत.

पण ही सरकारची सगळ्यांसाठीची योजना झाली. ज्या महापालिकेत तुम्ही राबलात, तिचं तुमच्याशी नातं संपलं का? सगळीकडे संपत नाही. पुणे महापालिकेची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना निवृत्त सेवकांनाही लागू आहे, बिलाचा मोठा भाग महापालिका उचलते आणि सेवकाची वर्गणी ठरलेली असते. म्हणजे हे जमतं. तुमच्या निवृत्त संघटनेने त्या योजनेचे नियम मागवून घ्यावेत, तुमच्याकडच्या पेन्शनरांची वयं आणि गेल्या तीन वर्षांतली दवाखान्याची बिलं एकत्र करावीत, आणि आकडे घेऊन आयुक्तांकडे जावं.

विमा कंपनीकडे सगळं सोपवायचा प्रस्ताव आला तर मात्र घाईने मान डोलावू नका. पहिल्या वर्षी हप्ता कमी असतो. साठीपुढच्या लोकांचे दावे वाढले की हप्ता वाढतो, आणि मग महापालिका म्हणते परवडत नाही. न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये सुमारे अडीच लाख निवृत्तांना मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर शहर देत असलेल्या पूरक विम्यातून काढून खासगी कंपनीच्या योजनेत टाकायचं ठरवलं. वर्षाला ६० कोटी डॉलर वाचतील असा हिशेब होता. आपला डॉक्टर त्या योजनेत असेल का, प्रत्येक तपासणीला कंपनीची परवानगी लागेल का, ही निवृत्तांची भीती होती. त्यांनी आपापसांत पैसे गोळा करून चार वर्षं कोर्टात झुंज दिली. खालच्या कोर्टांत जिंकले, जून २०२५ मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयात हरले, आणि त्याच महिन्यात महापौरांनी योजना सोडल्याचं जाहीर केलं. कोर्टात हरूनही वाचले, कारण तोवर सगळं शहर त्यांना ओळखू लागलं होतं.

प्रश्न : मी २०१० मध्ये लिपिक म्हणून लागलो. आम्हाला जुनी पेन्शन नाही. मग तुमच्या या लढाईत आम्ही कशाला पडायचं?
(लिपिक, नगरपरिषद)

कारण तुमचे पैसे तर दर महिन्याला पगारातूनच कापले जातात. कपात झाली एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या प्रान खात्याचा, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतल्या तुमच्या खात्याचा, उतारा काढा आणि पगारपत्रकाशी महिनावार जुळवा. कपात झाली पण खात्यात जमा झाली नाही, किंवा नगरपरिषदेचा हिस्साच आला नाही, असं बऱ्याच जणांना दहा-बारा वर्षांनी कळतं. मधल्या काळातला परतावा मग कोण भरून देणार? आणि लेखा विभागात बसत असाल तर निवृत्तांच्या बिलावर सही करताना पुढची तीस वर्षं डोळ्यांपुढे ठेवा.

प्रश्न : ताई, सासूबाई सफाई कामगार होत्या, त्यांच्या जागी मी लागले आणि निवृत्त झाले. वय ६८. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला अंगठा लागला नाही, मशीन घेईना. दोन महिने पेन्शन अडकली. मालक नाहीत. मुलगा ३४ वर्षांचा आहे, जन्मापासून अपंग, काही कमवू शकत नाही. माझ्यामागे त्याचं काय?
(निवृत्त सफाई कामगार. पत्र त्यांच्या भाचीने लिहून पाठवलं आहे.)

मावशी, झाडूच्या दांड्याने आणि फिनेलने तुमच्या बोटांच्या रेघा झिजल्या आहेत, त्याला तुमचा इलाज नाही. माझ्या कार्यालयात एक मावशी अंगठा लागावा म्हणून आदल्या रात्री हाताला खोबरेल लावून झोपायच्या. आता अंगठा लागलाच पाहिजे असं नाही. सरकारच्या जीवन प्रमाण या हयातीच्या दाखल्याच्या अ‍ॅपमध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून दाखला निघतो. भाचीला सांगा, उजेडात बसवून करायचं, पापणी मिटून उघडायची. त्याआधी तुमची नगरपरिषद त्या पद्धतीत नोंदलेली आहे का, ते लेखा विभागात विचारून या. नसेल तर बँकेच्या शाखाधिकाऱ्यासमोर कागदी दाखल्यावर सही-अंगठा करा, आणि ऑक्टोबर संपण्याआधी तारीख विचारून ठेवा.

मुलाचं काम जास्त मोठं आहे, ते आधी करा. जो मुलगा अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू शकत नाही, त्याला तुमच्यामागे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, साधारण शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि वर महागाई भत्ता. पण तुम्ही हयात असताना त्याचं नाव कागदावर आलं तर ते सोपं जातं. तुमच्यामागे तो एकटा खिडकीवर उभा राहून काय सिद्ध करणार? जिल्हा रुग्णालयातून वैद्यकीय मंडळाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्या. आधार, जन्माचा दाखला, तुमच्यासोबतचा त्याचा फोटो आणि त्याच्या नावाचं बँक खातं, त्यावर पालक म्हणून कोण ते आताच ठरवा. भाची करणार असेल तर तिचं नाव लिहा. मग मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज : ‘माझ्या पश्चात माझ्या अपंग मुलाचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी माझ्या सेवापुस्तकात आणि निवृत्तिवेतन प्रकरणात नोंदवावे.’

अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. साहेब जागेवर नाहीत, उद्या या, असं म्हणतील. शिक्का आवक टेबलावर असतो, त्याला साहेब लागत नाहीत. तो मिळेपर्यंत तिथून हलू नका, आणि ती प्रत पासबुकाच्या पिशवीत ठेवा.